कोठडीच्या दारापर्यंत पोचणारा कायदा



मानवी हक्कांच्या संरक्षणाची राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय यंत्रणा, असा विषय आपण मला दिला आहे. करारांची आणि संस्थांची नुसती नावं वाचायची म्हटली तरी संध्याकाळ सरेल आणि घरी जाताना हाती काही लागणार नाही. म्हणून मी एकच प्रश्न धरून बोलतो. पोलिसांनी नेलेला माणूस धडधाकट परत यावा, यासाठी देशात आणि देशाबाहेर काय सोय आहे आणि ती कुठे अडते? कोठडीत माणूस सर्वस्वी राज्याच्या हाती असतो. भोवती नातेवाईक नसतात, साक्षीदार नसतात. तिथे जी यंत्रणा पोचते, तीच खरी.

ओरिसातल्या सुंदरगड जिल्ह्यात जराइकेला इथे पोलीस चौकी आहे. १ डिसेंबर १९८७ ला सकाळी चोरीच्या तपासासाठी बावीस वर्षांच्या एका तरुणाला पोलिसांनी तिथे नेलं. रात्री आई जेवण घेऊन चौकीत गेली, तो जेवला. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचं प्रेत रेल्वेच्या रुळांवर सापडलं, अंगभर जखमा होत्या. तो पहाटे चौकीतून पळाला आणि गाडीखाली आला, असं पोलिसांचं म्हणणं. आईनं १४ सप्टेंबर १९८८ ला सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. न्यायालयानं ते पत्रच याचिका म्हणून दाखल करून घेतलं आणि जिल्हा न्यायाधीशांकडून चौकशी करवली. जखमा लाठीसारख्या बोथट वस्तूच्या आहेत, गाडीखाली सापडल्याच्या नाहीत, हे डॉक्टरांच्या साक्षीतून पुढे आलं. २४ मार्च १९९३ ला निकाल लागला. आईच्या नावावरून पडलेल्या ‘निलबती बेहेरा विरुद्ध ओरिसा राज्य’ या नावानं तो कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असतो. राज्यानं आईला दीड लाख रुपये भरपाई द्यावी, असा आदेश झाला.

दीड लाखानं मुलगा परत येत नाही. पण हा पैसा कोणत्या तत्त्वावर देववला गेला, ते पाहण्यासारखं आहे, कारण आंतरराष्ट्रीय आणि राष्ट्रीय यंत्रणांची गाठ तिथेच पडते.

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं १० डिसेंबर १९४८ ला पॅरिसमध्ये मानवी हक्कांचा जागतिक जाहीरनामा स्वीकारला. बाजूनं ४८ मतं पडली, विरोधात एकही नाही, आठ देश तटस्थ राहिले. जाहीरनामा म्हणजे घोषणा. तिला कराराचं बळ मिळायला १९६६ साल उजाडलं. त्या वर्षी नागरी आणि राजकीय हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार झाला आणि १० एप्रिल १९७९ ला भारत त्यात सामील झाला. त्याच्या नवव्या कलमातलं पाचवं उपकलम सांगतं, की बेकायदा अटक झालेल्याला भरपाई मिळवण्याचा हक्क आहे. सामील होताना भारत सरकारनं या उपकलमापुरती हरकत नोंदवली. आमच्या कायद्यात राज्याविरुद्ध भरपाईचा असा हक्क नाही, असं जगाला लेखी कळवलं.

सरकारची ही हरकत आपल्याच न्यायालयांनी हळूहळू पोकळ करून टाकली. बिहारमधला रुदुल साह १९६८ मध्ये निर्दोष सुटला होता, पण तुरुंगाबाहेर आला १९८२ मध्ये. १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्याला भरपाई देववली. बेहेरा निकालात न्यायमूर्ती जे. एस. वर्मा यांनी तेच नववं कलम आधाराला घेतलं. १९९६ मध्ये डी. के. बसू खटल्यात न्यायमूर्ती ए. एस. आनंद यांनी स्पष्टच म्हटलं, की आता त्या हरकतीला अर्थ उरलेला नाही. जिनिव्हातून, संयुक्त राष्ट्रांकडून, कोणी फर्मान काढलं नव्हतं. पत्र लिहिणारी आई होती, ते वाचणारे न्यायाधीश होते, आणि त्यांच्या हाताशी आंतरराष्ट्रीय कराराचा शब्द होता. तिन्ही जुळलं तेव्हाच हक्क प्रत्यक्षात आला. माझ्या सगळ्या बोलण्याचं सार हेच आहे. आंतरराष्ट्रीय कायदा आपोआप कोणाला वाचवत नाही. देशातलं कोणीतरी त्याचा वापर करतं, तेव्हा तो वाचवतो.

बसू खटलाही पत्रातूनच उभा राहिला होता. त्या निकालानं पोलिसांना अकरा गोष्टी बंधनकारक केल्या. अटक करणाऱ्यानं नावाची आणि हुद्द्याची पट्टी लावायची. अटकेची तारीख आणि वेळ लिहिलेला कागद जागेवरच करायचा, त्यावर घरातल्या किंवा परिसरातल्या एकाची साक्ष घ्यायची, अटक झालेल्याचीही सही घ्यायची. नातेवाइकाला कळवायचं. दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी करायची. संविधानाचं बाविसावं कलम तर सुरुवातीपासून सांगतं, की चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभं करा. यातलं बरंचसं पुढे फौजदारी प्रक्रिया संहितेत गेलं आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही आहे. मारहाणीची वेळ नेमकी अशी असते, की माणूस आत आहे पण कागदावर तो अजून आलेलाच नाही. अटकेच्या कागदावरची वेळ म्हणूनच इतकी मोलाची. ती खरी लिहिली गेली, तर पुढचं अर्धं काम झालं.

महाराष्ट्राचा यात मोठा वाटा आहे. मुंबईच्या पोलीस कोठड्यांत स्त्रियांना मारहाण होते, असं पत्रकार शीला बारसे यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्रानं कळवलं. फेब्रुवारी १९८३ च्या निकालात न्यायमूर्ती भगवतींनी स्त्रियांसाठी वेगळ्या कोठड्या आणि तिथे महिला पोलीस असावेत असं ठरवून दिलं. अटक झालेल्याचे हक्क सांगणारं पत्रक मराठी, हिंदी आणि इंग्रजीत छापून प्रत्येक कोठडीत लावायचा आदेशही दिला. आतल्या माणसाला त्याच्या भाषेत त्याचा हक्क वाचता यावा, एवढी साधी ही गोष्ट. आपल्या गावच्या पोलीस ठाण्यात ते पत्रक आहे का, हे एकदा जाऊन पाहा.

१९९३ चं वर्ष फार महत्त्वाचं. मार्चमध्ये बेहेरा निकाल लागला, जूनमध्ये व्हिएन्नात मानवी हक्कांची जागतिक परिषद भरली, १२ ऑक्टोबरला राष्ट्रीय मानवी हक्क आयोग स्थापन झाला आणि डिसेंबरमध्ये अशा आयोगांसाठीची ‘पॅरिस तत्त्वं’ संयुक्त राष्ट्रांनी स्वीकारली. कोठडीतला मृत्यू चोवीस तासांत कळवा, असं आयोगानं त्याच डिसेंबरात सगळ्या राज्यांना लिहिलं. पुढे अशा मृत्यूंच्या शवविच्छेदनाचं चित्रीकरण करायला सांगितलं. वर्मा आणि आनंद हे दोघेही नंतर सरन्यायाधीश झाले आणि निवृत्तीनंतर याच आयोगाचे अध्यक्ष झाले. आयोगाकडे तक्रार करायला शुल्क नाही, वकील लागत नाही, मराठीत लिहिलेलंही चालतं. महाराष्ट्राचा स्वतंत्र राज्य आयोग २००१ पासून मुंबईत काम करतो.

आयोगाच्या मर्यादाही सांगायलाच हव्यात. त्याला चौकशीसाठी दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत, पण शेवटी तो शिफारसच करू शकतो. घटनेला वर्ष उलटून गेलं, की तो चौकशी करू शकत नाही. सैन्यदलांविरुद्ध तक्रार असेल तर केंद्राकडून अहवाल मागवण्यापलीकडे त्याच्या हाती फारसं काही नाही. त्याचे तपास अधिकारी पोलीस खात्यातूनच येतात. म्हणजे पोलिसांविरुद्धच्या तक्रारीची छाननी पोलीसच करतात. जगभरच्या राष्ट्रीय आयोगांची जी जागतिक आघाडी आहे, तिनं २०२३ आणि २०२४ अशी सलग दोन वर्षं आपल्या आयोगाचा, पॅरिस तत्त्वांवर ठरणारा, ‘अ’ दर्जा कायम करण्याचा निर्णय पुढे ढकलला, त्याच्या कारणांत हे एक होतं. हा देशाचा अपमान म्हणून सोडून देऊ नका. आपण ज्या तत्त्वांना होकार दिला, त्यांच्याच मापानं आपल्याला मोजलं आहे.

सर्वांत मोठी उणीव छळविरोधी कराराची आहे. १९८४ च्या या करारावर भारतानं ऑक्टोबर १९९७ मध्ये सही केली, पण त्याला मान्यता आजवर दिलेली नाही. छळाला स्वतंत्र गुन्हा ठरवणारं विधेयक मे २०१० मध्ये लोकसभेनं मंजूर केलं, राज्यसभेनं ते प्रवर समितीकडे पाठवलं आणि तिथून ते कायद्यापर्यंत पोचलंच नाही. विधी आयोगानं २०१७ मध्ये, २७३ व्या अहवालात, मान्यता द्यावी असं सांगितलं. याची झळ गरिबाला तर बसतेच, देशालाही बसते. १९९५ मध्ये पुरुलियात विमानातून शस्त्रं टाकली गेली, त्या प्रकरणातला आरोपी भारताच्या हवाली करायला डेन्मार्कच्या उच्च न्यायालयानं २०११ मध्ये नकार दिला. भारतात त्याचा छळ होण्याचा धोका आहे, हे कारण दिलं. म्हणजे कोठडीतल्या लाठीमुळे आपण आरोपीही गमावतो.

मग जिनिव्हात काय होतं? मानवी हक्क परिषदेत दर काही वर्षांनी प्रत्येक देशाचा आढावा घेतला जातो. २००८, २०१२, २०१७ आणि २०२२ मध्ये भारताचा झाला, आणि छळविरोधी कराराला मान्यता द्या, हे आपल्याला पुन्हा पुन्हा सांगितलं गेलं. नागरी हक्कांच्या कराराखालची तज्ज्ञ समिती वेगळी. तिच्यापुढे भारत १९९७ नंतर थेट जुलै २०२४ मध्ये उभा राहिला. युरोपातला माणूस देशातले मार्ग संपल्यावर स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयात स्वतः जाऊ शकतो. आशियात तसं न्यायालय नाही. तज्ज्ञ समितीकडे वैयक्तिक तक्रारीची वाट उघडणारा पूरक करार आहे, पण भारत त्यात सामील नाही. संयुक्त राष्ट्रांच्या विशेष प्रतिनिधींना मात्र कोणीही लिहू शकतं, आणि ते सरकारकडे खुलासा मागतात. तेवढ्यानं कोणी सुटेलच असं नाही, पण प्रकरण दडपणं अवघड होतं.

आपल्या हाती काय आहे, ते सांगून मी थांबतो. ओळखीतल्या कोणाला पोलिसांनी नेलं, तर पहिल्या तासातच अटकेची वेळ विचारा आणि लिहून ठेवा. अर्ज लेखी द्या, पोच घ्या. चोवीस तास मोजा. दंडाधिकाऱ्यापुढे नेल्यावर मारहाण झाली असेल तर ती त्यांना तिथेच सांगा आणि वैद्यकीय तपासणी मागा. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे लावायला आणि चित्रीकरण जपून ठेवायला सांगितलं आहे. ते चित्रीकरण लेखी मागा. आयोगाकडे वर्षाच्या आत जा. आणि नेलेला माणूस आपल्या जातीचा, धर्माचा, विचाराचा नसला, चोर असला, तरी हेच करा. जराइकेल्याच्या तरुणालाही चोरीच्याच संशयावरून नेलं होतं. मत मागायला येणाऱ्या प्रत्येकाला विचारा, छळविरोधी कराराला मान्यता देणारा कायदा तुम्ही कधी करणार? सही होऊन पंचवीस वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. हा प्रश्न गावोगावच्या सभांतून विचारला गेला, तरच दिल्लीला उत्तर द्यावं लागेल.