थिओक्रिटस : गोपगीताचा आद्य कवी
(मंडळाच्या सभेत दिलेल्या व्याख्यानावरून)



मंडळाच्या सुवर्णमहोत्सवात दोन सहस्रांहून अधिक वर्षांपूर्वीच्या एका ग्रीक कवीचे स्मरण कशासाठी, असा प्रश्न आपल्या मनात आला असेल. व्याख्यानाच्या ओघात त्याचे उत्तर मिळेल, अशी आशा आहे.

थिओक्रिटस हा इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या शतकातील कवी. सिसिली बेटावरील सिराक्यूज ही त्याची जन्मभूमी. तेथील हिएरो राजाच्या आश्रयासाठी त्याने एक कविता रचली. दुसरीत ईजिप्तच्या दुसऱ्या टॉलेमीची स्तुती केली. त्याच्या नावावर सुमारे तीस कविता सांगतात, त्यांपैकी काही इतरांच्या असाव्यात असे अभ्यासकांचे मत आहे. या कवितांना 'इडिल' म्हणतात. या शब्दाचा मूळ अर्थ 'लहानशी रचना' एवढाच. त्याला रम्य ग्रामजीवनाची छटा आली ती पुढे, याच कवीमुळे.

गुराख्यांची गाणी त्याच्या आधीही होतीच. थिओक्रिटसने केले ते असे की, होमरने ज्या वृत्तात वीरांची युद्धे गायिली, तेच भारदस्त वृत्त शेळ्या राखणाऱ्यांच्या मुखी घातले. पहिल्या इडिलमध्ये थिर्सिस हा मेंढपाळ डॅफ्निसच्या मृत्यूचे शोकगीत गातो. त्याबद्दल त्याला मिळतो एक कोरीव लाकडी पेला. होमरने अकिलीसच्या ढालीवर सारे विश्व कोरले. थिओक्रिटसच्या पेल्यावर काय आहे? दोन प्रियकरांना झुलविणारी स्त्री, जाळे ओढणारा वृद्ध कोळी आणि द्राक्षमळा राखणारा एक पोर. पोर नाकतोड्यासाठी पिंजरा विणण्यात इतका रंगला आहे की, एक कोल्हा द्राक्षे फस्त करतो आहे आणि दुसरा त्याच्या शिदोरीवर टपला आहे, याची त्याला दादही नाही! ज्या नजरेने हे टिपले, तीच नजर गोपगीताची जननी होय.

परंतु ही कविता कुरणात बसून लिहिलेली नव्हे. तिचा वाचक नागर आणि विद्वान होता. तिचा काळ अलेक्झांड्रियासारख्या महानगरांचा होता. देशोदेशींचे ग्रीक तेथे पोटापाण्यासाठी येत, आणि सर्वांची मिळून एक समाईक भाषा रूढ होत चालली होती. अशा वेळी थिओक्रिटसने आपल्या बहुतेक कवितांसाठी निवडली ती डोरिक बोली, सिराक्यूजची बोली. ती त्याने साहित्यिक संस्काराने घडविली, हे खरे. पण तिचा रुंद 'आ'कार त्याने सोडला नाही.

त्याची पंधरावी इडिल याची साक्ष देते. गॉर्गो आणि प्राक्सिनोआ या मूळच्या सिराक्यूजच्या दोन गृहिणी अलेक्झांड्रियात राहतात. नवऱ्यांची गाऱ्हाणी सांगत, गर्दीतून वाट काढत त्या राजवाड्यातील अडोनिसचा उत्सव पाहावयास जातात. त्यांच्या ऐसपैस उच्चारांना कंटाळून एक परका इसम त्यांना गप्प बसावयास सांगतो. प्राक्सिनोआ उसळून विचारते, आम्हांस हुकूम करणारा तू कोण? आम्ही मूळच्या कॉरिंथच्या. डोरियनांनी डोरिक बोलावयाचे नाही तर कोणी? सिराक्यूज ही कॉरिंथकरांनी इ. स. पू. आठव्या शतकात वसविलेली वसाहत. म्हणजे मूळ भूमी सोडून साडेचारशे वर्षे लोटली होती, तरी ही बाई तिचे नाव अभिमानाने सांगते! गंमत अशी की, तक्रार करणाऱ्या त्या इसमालाही कवीने डोरिकच बोलावयास लावले आहे.

पुढे व्हर्जिलने इ. स. पू. पहिल्या शतकात आपल्या दहा गोपगीतांत हा वारसा लॅटिनमध्ये नेला आणि त्यात आर्केडियाचे स्वप्न मिसळले. १६३७ साली मिल्टनने मित्रशोकाचे 'लिसिडस' लिहिले, तेही याच परंपरेत. मात्र अनुकरण करणाऱ्या अनेकांच्या हाती मेंढपाळ उरला तो केवळ सोंगापुरता. थिओक्रिटसच्या माणसांना घामाचा आणि शेळ्यांचा वास होता.

बंधुभगिनींनो, आपल्यापैकी अनेकांच्या मुलांना मराठी बोलताना शेजारीपाजारी हसतात, आणि मुले हळूच आवाज खाली आणतात. अशा वेळी प्राक्सिनोआची आठवण ठेवावी. परमुलुखातील गर्दीत ऐकू येणारी घरची बोली ही श्रेष्ठ काव्याची भाषा होऊ शकते, हे सिराक्यूजच्या या कवीने सिद्ध करून ठेविले आहे. त्याचे स्मरण आजच्या प्रसंगी करण्याचे कारण हेच.