मुंग्यांचा सिंह



देवळाच्या ओवरीत, पावसाचा थेंब पोचत नाही अशा कोरड्या धुळीत, नरसाळ्यासारखे लहान खळगे आपण पाहिले असतील. त्यांच्या तळाशी दडून बसलेली अळी म्हणजेच मुंग्यांचा सिंह. हा सिंह मात्र धावत नाही. चालतो तोही मागे मागे! तसाच गोल फिरत, डोक्याने धूळ उडवीत तो खळगा खणतो. खरी करामत आहे ती उतारात. धूळ जेमतेम ठरेल इतकाच तो उभा असतो. मुंगीचा पाय पडला की ढासळतो. ती वर चढू लागलीच, तर खालून धुळीचा मारा होतो. मग जबड्यांतून विष सोडून तो तिला शोषून घेतो आणि टरफल बाहेर भिरकावतो.

याला क्रूर म्हणावे काय? मला तसे म्हणवत नाही. मुंगी येईलच याचा भरवसा नाही. कित्येक आठवडे उपाशी बसावे लागते. या अवस्थेत त्याला मलविसर्जनही नाही; सारा मळ पोटात साठतो, तो पंख फुटल्यावरच पडतो. पुष्कळदा एक-दोन वर्षे अशी काढून तो रेशमाचा, वाळूने मढविलेला कोश विणतो. त्यातून चतुरासारखा, पण टोकाशी जाड मिशांचा, दुबळ्या पंखांचा कीटक निघतो. तो रात्री उडतो व दिव्यापाशी येतो. या मंडपातल्या दिव्याभोवतीही एखादा असेल.