समुद्रकाठची गच्ची

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर बेक्सहिल नावाचे छोटे गाव आहे. तिथे समुद्राला तोंड करून एक पांढरी, लांबट इमारत उभी आहे, डेलावेअर पॅव्हेलियन. (अमेरिकेतले डेलावेअर राज्य याच उमराव घराण्याच्या नावाचे.) मी ती छायाचित्रांतच पाहिली आहे, किनाऱ्याला लागलेल्या बोटीसारखी दिसते. नाटकगृह, वाचनालय, उपाहारगृह, ऊन खायला गच्च्या आणि काचेच्या अर्धगोलातून वर चढणारा जिना. डिसेंबर १९३५ मध्ये ती लोकांसाठी खुली झाली.

गावचा महापौर उमराव, पण समाजवादी विचारांचा. सर्वसामान्यांनाही समुद्रकाठी चार घटका सुखात बसता यावे, ही त्याची कल्पना. स्पर्धा जिंकली दोघांनी. एरिक मेंडेलसोन हा हिटलरच्या जर्मनीतून १९३३ साली बाहेर पडलेला ज्यू, आणि सर्ज चेरमायेफ ग्रोझ्नीत जन्मलेला. परक्यांना काम का, म्हणून तेव्हाही काहींनी ओरड केलीच. ओरडणारे कोणत्याही गावी सापडतात.

युद्धात या इमारतीत लष्कर आले. शेजारचे हॉटेल बॉम्बने उद्ध्वस्त झाले, हिच्या पायाला थोडा धक्का बसला. त्या शिपायांत होता स्पाइक मिलिगन, पुढे नावाजलेला विनोदवीर. आता नगरकरांनी कान द्यावा: हा गृहस्थ १९१८ साली अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला जन्मला, आणि त्याच्या बालपणाची काही वर्षे पुण्यात गेली. मुलांसाठी त्याने अर्थहीन, नाचऱ्या कविता लिहिल्या. मोठ्यांना हसवणे सोपे, पण अर्थाचा आधार सोडून मुलांना हसवणे, ते आम्हा कवींना सहजी जमत नाही.

पुढे इमारतीची रया गेली. खारा वारा पोलादाचे काय करतो, हे कोकणात घर असणाऱ्याला सांगायला नको. १९८६ साली तिला संरक्षित वास्तूंचा सर्वोच्च दर्जा मिळाला, पण दर्जाने गंज थांबत नाही. २००२ साली लॉटरीतून चालणारा वारसा निधी आणि कला परिषद यांनी साठ लाख पौंड मंजूर केले. मालकी विश्वस्त संस्थेकडे गेली आणि ऑक्टोबर २००५ मध्ये ती कलाकेंद्र म्हणून पुन्हा उघडली.

मिलिगनने ते पाहिले नाही. पैसे मंजूर झाले त्याच साली तो वारला. बेक्सहिलच्याच परगण्यात, विंचेल्सी गावच्या चर्चच्या आवारात त्याचे थडगे आहे.