संस्कृत कोणाची?
(वार्षिक संमेलनातील भाषण)



संस्कृत भाषेविषयी बोलताना आरंभी गौरवाचे चार शब्द उच्चारण्याचा प्रघात आहे. गीर्वाणवाणीचा जयजयकार आम्हांसही प्रिय आहे. परंतु जयजयकाराने भाषा जगत नाही. २०११ च्या जनगणनेत संस्कृत ही आपली मातृभाषा म्हणून सांगणारे सबंध भारतात अवघे २४,८२१ निघाले. तेव्हा ही भाषा घरोघरी बोलली जाईल अशी आशा धरण्यापेक्षा, ती आजवर कशी टिकली याचा विचार करणे अधिक हिताचे होय.

ती टिकली दीर्घ अभ्यासाने. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे कार्य हाती घेतले. डॉ. विष्णु सीताराम सुकथनकर यांनी त्यास शास्त्रीय बैठक दिली. १९४३ साली ते निवर्तले, तरी कार्य खंडित झाले नाही. १९६६ साली ते सिद्धीस गेले. डॉ. सुमित्र मंगेश कत्रे यांनी डेक्कन कॉलेजात १९४८ साली आरंभिलेल्या संस्कृत महाकोशासाठी सुमारे १५०० ग्रंथांतून शब्द वेचण्यात आले. त्याचा पहिला खंड १९७६ साली निघाला. आरंभ करणाऱ्यास शेवट दिसणार नाही, हे ठाऊक असूनही ज्यांनी आरंभ केला, त्यांच्यामुळे विद्या तगते.

महाभारताच्या त्या आवृत्तीसाठी शारदा, बंगाली, ग्रंथ, मल्याळम् अशा नाना लिप्यांतील हस्तलिखिते ताडून पाहावी लागली. कोणी तरी पिढ्यान्‌पिढ्या ती रुमालात बांधून जपली, म्हणूनच ती हाती आली. आपल्यापैकी कित्येकांच्या माळ्यावर अशा पोथ्या आजही असतील. घर बदलताना त्या नदीत सोडण्याची चाल आहे. भावना पवित्र असली, तरी त्या पोथीबरोबर एखादा दुर्मिळ पाठ कायमचा बुडतो, हे आपण ध्यानी घ्यावे.

आता एक अप्रिय गोष्ट. विद्या जपली, हे आपल्या पूर्वजांचे भूषण. ती इतरांपासून राखून ठेवली, हे मात्र समाजाचे दूषण. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांस शाळेत संस्कृत शिकू दिले गेले नाही. त्यांस फारसी घ्यावी लागली. पुढे ते स्वप्रयत्नाने संस्कृत शिकले, आणि १९४९ साली संस्कृत ही संघराज्याची राजभाषा व्हावी या सूचनेस त्यांनी पाठिंबा दिला. ज्यांस दार बंद झाले, त्यांनीच भाषेचा एवढा मान राखला! इकडे आपली मुले शालान्त परीक्षेत गुणांसाठी संस्कृत घेतात आणि निकाल लागताच तिला विसरतात. मग वारसा कोणाचा म्हणावा? जो शिकेल त्याचा, असेच आमचे उत्तर आहे.

म्हणून मंडळापुढे आमच्या तीन विनंत्या आहेत. प्रत्येक कुटुंबाने घरातील पोथ्यांची यादी करून त्या योग्य संशोधनसंस्थेस दाखवाव्यात. मंडळाने संस्कृतचा साप्ताहिक वर्ग चालवावा व त्यात वडीलधाऱ्यांनीही बसावे. आणि त्या वर्गाचे दार, तसेच आपली संस्कृत शिष्यवृत्ती, कोणत्याही ज्ञातीच्या मुलामुलींस खुली असावी.

इतके झाले, तर पुढील संमेलनात गौरवाचे शब्द थोडे कमी पडले तरी चालेल.