कर्करोगकारक कोणाला म्हणावे?



आपल्या तळोज्याला एका अंगाला कारखाने आहेत, तर शेजारी खारघरला टाटा स्मारक केंद्राची कर्करोग-संशोधन संस्था आहे. हवेत उग्र वास आला की घरोघरी प्रश्न निघतो, "याने कर्करोग होतो का?" हा निवाडा होतो तरी कसा?

त्यासाठी तीन साक्षी तपासतात: माणसांतील रोगाच्या नोंदी, प्राण्यांवरील प्रयोग आणि पेशींत होणारा बिघाड. फ्रान्समधील लियॉन येथे १९६५ साली स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय संस्था हा पुरावा तोलते. कर्करोगकारक हे निश्चित ठरले, तर पदार्थ पहिल्या गटात जातो. पुढे 'बहुधा', 'कदाचित' आणि 'ठरविता येत नाही' असे गट आहेत.

गफलत होते ती येथेच. गट सांगतो तो पुराव्याची खात्री. धोक्याचे माप नव्हे. दूषित हवा २०१३ पासून पहिल्या गटात आहे, तंबाखूही तेथेच आहे. म्हणून दोहोंचा धोका सारखा होत नाही. पदार्थ कोणता, किती आणि किती वर्षे, हे पाहावे लागते.

तंबाखूविरुद्धची साक्ष तर आपल्याच माणसांची आहे. डॉ. वसंत रामजी खानोलकरांनी १९४४ साली मुंबईतील तोंडाच्या कर्करोगाच्या रोग्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पुढे २००४ साली नुसती सुपारीही पहिल्या गटात गेली.

तेव्हा मंडळी, धुराड्याला जाब अवश्य विचारा; हवेची मोजणी मागा. पण कोनाड्यातली मशेरीची डबी निर्दोष समजू नका.