अंगणातील मोटार आणि फाट्यावरील एस.टी.
(ज्ञातिसंस्थेच्या जळकोट येथील वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



कार्यकारी मंडळाने आम्हांस 'संसारातील काटकसर' हा विषय नेमून दिला आहे. काटकसरीचा विषय निघाला की वक्ते बहुधा चहा-साखरेवर आणि भगिनींच्या लुगड्यांवर घसरतात. घरातील सर्वांत मोठा खर्च मात्र अंगणात ताडपत्री पांघरून उभा असतो. त्याच्याविषयीच बोलावे, असे आम्ही ठरविले.

सार्वजनिक मोटारगाडी ही आपल्या मुलखात काही नवलाई नव्हे. हा भाग हैदराबाद संस्थानात होता, तेव्हाच, १९३२ साली, निजामाच्या रेल्वे खात्याने २७ गाड्यांनिशी रस्त्यावरील उतारूंची वाहतूक आरंभिली. मुंबई राज्याची पहिली एस.टी. पुण्याहून अहमदनगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास, धावली ती १ जून १९४८ रोजी. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि पुढे ह्या दोन्ही सेवा एकाच महामंडळात मिळाल्या. सर्वांनी मिळून एका गाडीत बसावे, ही गोष्ट आपल्या आजोबांस कमीपणाची वाटली नव्हती.

आता हिशेब करू. समजा, मोटार रस्त्यावर येईपर्यंत आठ लाख रुपये पडले. पेट्रोलच्या मोटारीची किंमत दहा लाखांच्या आत असली तरी तीवर ११ टक्के एकरकमी कर आहेच. तो ह्यातच धरला आहे. एक लाख पदरचे आणि सात लाख कर्जाऊ, दरसाल ९ टक्के व्याजाने, सात वर्षांच्या फेडीने. हप्ता महिना सुमारे ११,२६० रुपये बसतो आणि एकूण व्याज जवळजवळ अडीच लाख होते. आठ वर्षांनी तीच मोटार अडीच लाखांस गेली, तर घट साडेपाच लाखांची. घट आणि व्याज मिळून आठ लाख. म्हणजे वर्षाला एक लाख. विमा, देखभाल, टायर ह्यांपायी आणखी तीस हजार धरा. तेव्हा मोटार जागची हलली नाही तरी दिवसाला साडेतीनशे रुपये खाते. बैल निदान खाऊन शेतात राबतो!

ती हलविण्याचा खर्च निराळा. पेट्रोल शंभरीच्या वर गेले आहे. लिटरला १८ किलोमीटर धरले तर किलोमीटरला सहा रुपये. वर्षात सहा हजार किलोमीटर फिरलात तर छत्तीस हजार. एकूण झाले एक लाख सहासष्ट हजार, म्हणजे किलोमीटरला सत्तावीस-अठ्ठावीस रुपये.

उलट जानेवारी २०२५ च्या भाडेवाढीनंतर साध्या एस.टी.स सहा किलोमीटरच्या टप्प्यामागे सुमारे दहा रुपये पडू लागले. मार्च २०२३ पासून स्त्रियांस अर्धे तिकीट आहे. बारा वर्षांखालील मुलांस अर्धे पूर्वीपासूनच. पतिपत्नी आणि दोन मुले असे चौघे निघाले तर साऱ्या कुटुंबाचे भाडे किलोमीटरला सव्वाचार रुपयांच्या आत येते. नुसत्या पेट्रोलहूनही ते कमी! तेवढ्याच सहा हजार किलोमीटरांस पंचवीस हजार. त्यात अडीअडचणीस वर्षातून वीस वेळा, खेपेस तीन हजार देऊन, भाड्याची जीप केली, तरी बेरीज पंच्याऐंशी हजारांवर थांबते. ७५ वर्षांवरील वडीलधाऱ्यांस तर ऑगस्ट २०२२ पासून एस.टी.चे तिकीटच नाही.

कोणी म्हणेल, वक्ते महाशय कधी फाट्यावर उन्हात उभे राहिले आहेत काय? राहिलो आहोत. गाडी वेळेवर येत नाही, आली तर हात करूनही थांबत नाही. संध्याकाळी उदगिराहून परतताना शेवटची गाडी चुकली की जीव टांगणीस लागतो. २०२१ च्या अखेरीस सुरू झालेल्या संपात कित्येक महिने खेड्यापाड्यांचे किती हाल झाले, ते आपण सारे जाणतो. ज्या डॉक्टरास वा व्यापाऱ्यास रोज शंभर किलोमीटर फिरावे लागते, त्याची मोटार कमावते. त्याने ती जरूर ठेवावी. रात्री-अपरात्रीच्या आजारपणासाठी मोटार हवी, हे कारणही खोटे नाही. परंतु १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका २०१४ पासून राज्यात विनामूल्य आहे, आणि दर दहा घरांमागे एक शेजाऱ्याची जीप असतेच.

आणखी एक गोष्ट आम्हांस टोचते. फाट्यावरील चार सुखवस्तू घरे एस.टी.तून उठून मोटारीत बसली की गाडी रिकामी धावते, आणि रिकाम्या गाडीची फेरी केव्हातरी बंद होते. मग अडते कोण? ज्यांच्या दारी मोटार नाही, त्यांची मुलगी. अहिल्याबाई होळकर योजनेतून तिला शाळेचा पास फुकट आहे. पण पास असून गाडीच नसेल तर बाप तिला घरी बसवितो. पुढे तिच्या लग्नाच्या बोलणीत पुन्हा मोटारच आडवी येते. "हुंडा नको, मुलीच्या सुखासाठी एक गाडी तेवढी द्या," ही भाषा अलीकडे आपल्याही बैठकींत ऐकू येते. १९६१ च्या कायद्याने तोही हुंडाच होय. मुलीचा बाप त्यासाठी एकर विकतो; आणि तशी फुकटात मिळालेली मोटारही विमा, देखभाल व पेट्रोल मिळून जावयाकडून वर्षाला सहासष्ट हजार वसूल करते! देणारा बुडाला, घेणारा हप्त्याविनाच कर्जबाजारी झाला. सुख कोणाच्या पदरी पडले, ते त्या मुलीसच विचारावे.

म्हणून ह्या सभेपुढे आमच्या दोन सूचना आहेत. आपल्या वधूवर सूचक मंडळाच्या अर्जातील 'चारचाकी आहे काय?' हा रकाना काढून त्या जागी 'मुलावर कर्ज किती?' हा रकाना घालावा. आणि संध्याकाळची उदगीर–जळकोट गाडी नियमित सुटावी, असा अर्ज सर्व समाजांच्या सह्यांनिशी आगारप्रमुखांकडे द्यावा; एकट्या आपल्या ज्ञातीच्या सह्या त्यास पुरणार नाहीत. अर्जाचा मसुदा आणि हिशेबाचा कागद दाराजवळच्या मेजावर ठेवला आहे. आमचे आकडे ज्यांस पटले नसतील, त्यांनी आपल्या मोटारीचे आकडे त्यात घालून बेरीज करून पाहावी, आणि जाताना सही तेवढी करावी.