पाणी कुठे मुरतं?



उन्हाळा लागला की आपली पाण्याची चर्चा धरणाच्या भिंतीपाशी सुरू होते आणि तिथेच संपते. साठा किती उरला, कपात कधीपासून. शुद्ध केलेलं, विजेची बिलं भरून उंच टाकीत चढवलेलं पाणी पुढे जातं कुठे, हे फारसं कुणी विचारत नाही. तो प्रश्न विचारण्यासाठी तुम्हाला आज कंबोडियात नेतो.

राजधानी नॉम पेन्ह, १९९३. ख्मेर रूज या कम्युनिस्ट राजवटीने १९७५ मध्ये हे शहर अक्षरशः रिकामं केलं होतं. माणसं परतली, पण पाणीपुरवठ्याची पुरती दैना झाली होती. जलशुद्धीकरण केंद्रातून निघणाऱ्या दर शंभर लिटरपैकी ७२ लिटरचा पैसाच येत नव्हता. त्या वर्षी एक सोन चान नावाचे अभियंते पाणीपुरवठा खात्याचे प्रमुख झाले. (‘एक’ हे त्यांचं आडनाव, बरं का!) पैसा न मिळणारं हे सगळं पाणी काही फुटक्या नळांतून जात नव्हतं. बरंचसं चोरीचं होतं, आणि चोरट्या जोडण्या देण्यात खात्यातलेच लोक सामील होते.

चान यांनी सुरुवात मीटरपासून केली. मीटर सर्वांना, मंत्र्यालाही. एका सेनाधिकाऱ्याच्या घरी ते स्वतः गेले, तेव्हा त्याने त्यांच्यावर पिस्तूल रोखलं. चान परत गेले ते सशस्त्र पोलीस घेऊन, आणि जोडणी तोडूनच आले. त्यानंतर बिलं कशी वसूल झाली असतील, हे सांगायला नको. चोरटी जोडणी दाखवणाऱ्याला बक्षीस, गळतीच्या तक्रारीसाठी दिवसरात्र पथकं, जुन्या वाहिन्या बदलणं, हे सगळं झालं. जपानच्या किताक्युशू शहराचे तज्ज्ञ मदतीला होते. पुढच्या दीड दशकात ७२ टक्क्यांचा आकडा सुमारे सहावर आला आणि शहराला चोवीस तास पाणी मिळू लागलं. चान यांना २००६ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

आता गळती सापडते कशी, ते पाहा. शहराचे छोटे विभाग पाडायचे आणि प्रत्येकाच्या तोंडाशी मीटर बसवायचं. रात्री दोन ते चारच्या दरम्यान शहर झोपलेलं असतं. तेव्हाही मीटर जोरात फिरत असेल, तर कुठेतरी गळतंय. मग माणूस काठीसारखं श्रवणयंत्र व्हॉल्व्हला टेकवून कान लावतो. जमिनीखालून सुटणाऱ्या पाण्याचा ‘सूं’ आवाज सरावलेल्या कानाला कळतो. पण त्यासाठी वाहिनीत दाब हवा. आपल्याकडे बहुतेक शहरांत पाणी दिवसातून काही तासच येतं आणि रात्री वाहिन्या कोरड्या असतात. मोजणार काय आणि ऐकणार काय? शिवाय ज्या भोकातून पाणी बाहेर जातं, त्याच भोकातून कोरड्या वाहिनीत शेजारच्या गटाराचं पाणी आत येतं.

वर्तमानपत्रात फोटो येतो तो रस्त्यावरच्या कारंज्याचा. ते काही तासांत बंद होतं. खरं नुकसान करते ती घरगुती जोडणी मुख्य वाहिनीला जिथे जोडतात त्या फेरूलपाशी वर्षानुवर्षं झिरपणारी बारीक धार. तिचा फोटो कुणी काढत नाही.

चोवीस तास पाणी दिलं तर लोक उधळतील, असं म्हणतात. मला ते पटत नाही. पाणी जाणार या भीतीने आपण टाक्या, पिंपं, हंडे भरतो आणि दुसऱ्या दिवशी शिळं म्हणून ओतून देतो. कराडशेजारच्या मलकापूरने मीटर लावून चोवीस तास पाणी देऊन दाखवलं आहे. ते काही श्रीमंत शहर नव्हे.

म्हणून एक विनंती. यंदा नगरसेवक भेटले की नव्या धरणाचं विचारण्याआधी एवढंच विचारा: आपल्या टाकीतून रोज किती पाणी सुटतं आणि त्यातल्या किती पाण्याची बिलं निघतात? दोन्ही आकडे लेखी मागा.